चौथी पट्टी आली नाही, आता कागद टाकू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

‘मी 44 वर्षांचा आहे. भारतीय नौदलाच्या एक्झिक्युटिव्ह शाखेत (जहाजं चालवणाऱ्यांची शाखा) कमांडर, बाहीवर तीन पट्ट्या, सेवा 22 वर्षं. एका कॉर्व्हेटचा (छोटी युद्धनौका) कमांडिंग ऑफिसर होतो, गेली दोन वर्षं दिल्लीला मुख्यालयात आहे. कॅप्टनच्या, म्हणजे चौथ्या पट्टीच्या, सिलेक्शन बोर्डात दुसऱ्यांदा माझं नाव आलं नाही. शेवटची संधी पुढच्या वर्षी. त्यातच एनडीएपासूनचा माझा कोर्समेट कॅप्टन होऊन माझ्याच विभागात माझा वरिष्ठ म्हणून सोमवारी रुजू होतोय. बंदर व्यवसायातल्या एका खासगी कंपनीनं मला विचारलंय, उत्तर महिन्याभरात हवंय. पत्नी मुंबईत शिक्षिका, मुलगा अकरावीत. वडील विचारतात, “काय चूक झाली तुझ्याकडून?” माझ्याकडे उत्तर नाही. आता पुन्हा कधी जहाजाच्या ब्रिजवर, जिथून कॅप्टन जहाज चालवतो तिथं, उभा राहणार नाही, हे कळलंय. थोडा स्वाभिमान शिल्लक आहे तोवर बाहेर पडावं असं वाटतं. मुदतीआधी निवृत्तीचे कागद टाकू का?’

नमस्कार कमांडर,

पत्र दोनदा वाचलं आणि मग एक आगाऊपणा केला: उल्लेख मोजले. मूळ पत्र साडेचार पानांचं. त्यात कोर्समेट अकरा वेळा येतो, पत्नी दोनदा, मुलगा एकदा. कंपनीचा पगार आहे, गाडी आहे, पण तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नेमकं काय करणार याबद्दल एक ओळ नाही. मोजणीवरून माणूस कळत नाही, मान्य. पण हा निर्णय सध्या कुणाचा चेहरा समोर ठेवून घेतला जातोय, याचा अंदाज येतो.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मीही तीन पट्ट्यांवरच, म्हणजे कमांडर म्हणूनच, निवृत्त झालो. तिन्ही बोर्डांत राहिलो. पहिल्या वेळी चिडलो, दुसऱ्या वेळी महिनाभर घरात कुणाशी धड बोललो नाही, आणि तिसऱ्या वेळी निकाल कळला तेव्हा कँटीनच्या रांगेत होतो. साबण, चहापत्ती घेतली आणि घरी आलो. त्यामुळे तुमच्या पोटात काय होतंय ते मला विचारून घ्यावं लागत नाही.

आधी वडिलांचा प्रश्न, कारण तो तुम्ही स्वतःलाच विचारताय. ‘काय चूक झाली’ या प्रश्नात असं धरलेलं आहे की चूक झाल्याशिवाय बढती राहत नाही. आपल्याकडे हा समज होण्याचं कारणही आहे. कमांडरपर्यंतच्या पायऱ्या कॅलेंडरच चढवतं. अधिकाऱ्यांच्या बढत्यांबाबतच्या अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशी डिसेंबर 2004 पासून लागू झाल्यावर दुसऱ्या वर्षी लेफ्टनंट, सहाव्या वर्षी लेफ्टनंट कमांडर, तेराव्या वर्षी कमांडर. ठरलेले कोर्स केले, परीक्षा दिल्या, वैद्यकीय श्रेणी सांभाळली की पट्टी येते. तेरा वर्षं अशी गेल्यावर पट्टी येणं हाच सृष्टीचा नियम वाटायला लागतो. मग कॅप्टनचं बोर्ड येतं आणि तिथं पहिल्यांदा जागा मोजल्या जातात. त्या वर्षी, त्या शाखेत, त्या बॅचला जागा किती, यावर रेघ कुठं पडणार ते ठरतं. रेघेच्या वरचा शेवटचा आणि खालचा पहिला यांच्यात फरक काय, हे त्यांच्या बायकांनाही सांगता यायचं नाही.

वडिलांना एवढंच सांगा: ‘जागा थोड्या होत्या, नाव बसलं नाही. चौकशी नाही, ठपका नाही.’ शेवटचे चार शब्द विसरू नका. सैन्याबाहेरच्या माणसाला बढती राहिली म्हणजे काहीतरी भानगड आहे असंच वाटतं, आणि विचारायला तो धजत नाही. नातेवाइकांची फार काळजी करू नका. त्यांना कॅप्टन म्हणजे लष्करातला कॅप्टन वाटतो. आपला कॅप्टन तिकडच्या कर्नलच्या बरोबरीचा, हे लग्नाच्या पंगतीत समजावून सांगण्यात मी आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत. तुमची बढती झाली असती तरी एखाद्या मामांनी ‘बावीस वर्षं झाली, अजून कॅप्टनच?’ असं विचारलंच असतं.

आता, प्रत्येक वेळी कारण फक्त जागांचंच असतं असं मी म्हणत नाही. कधी एखादा गोपनीय अहवाल बाकीच्या सगळ्या अहवालांच्या सुरात बसत नाही. तुमच्या बाबतीत तसं मानायला ठोस कारण असेल, म्हणजे एका विशिष्ट वरिष्ठाशी खटका उडाला होता आणि तारखा जुळतात, तर त्यासाठी रीतसर वाट आहे. आधी वैधानिक तक्रार करायची. तिथं अंतिम आदेश विरुद्ध गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, 2007 च्या कायद्यानं आलेलं, आणि तिथं अर्ज अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत करायचा असतो. ही मुदत लोक पार्टीत तक्रारी सांगत बसून घालवतात. मात्र हातात काही नसताना, नुसता राग आहे म्हणून या वाटेला जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एकानं पाच वर्षं फायली सांभाळल्या. जेवणाच्या टेबलावर फायलीच असायच्या, मुलं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायची.

तर मग गमावलं नेमकं काय? पैसा म्हणाल तर सातव्या वेतन आयोगात कमांडरची श्रेणी 1,21,200 पासून सुरू होते आणि कॅप्टनची 1,30,600 पासून. सुरुवातीला फरक 9,400 रुपयांचा. मिलिटरी सर्व्हिस पे दोघांनाही तोच, 15,500. शिवाय तुम्ही राहिलात तर 26 वर्षं पूर्ण झाल्यावर टाइम स्केलचे, म्हणजे निवडीविना सेवेच्या वर्षांवर, कॅप्टन व्हाल, चौथी पट्टी तेव्हाही बाहीवर येईल. ‘ती काय खरी पट्टी!’ असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात, मला ऐकू आलं. म्हणजे प्रश्न पगाराचा नव्हता आणि पट्टीचाही नव्हता.

माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य ब्रिजबद्दलचं आहे आणि तेच तुम्ही घाईनं उरकलंय. फ्रिगेट, डिस्ट्रॉयर या मोठ्या युद्धनौका, ती कॅप्टनची जहाजं. बोर्डात राहिलो म्हणजे ती हाती येणार नाहीत. कॉर्व्हेटवरून उतरलात तो दिवस आठवा. नव्या सीओच्या हाती जहाज दिलं, क्वार्टरडेकवर सलामी झाली, मग तुमच्या अधिकाऱ्यांनी गाडीला दोर बांधला आणि जेटीवरून तुम्हाला ओढत नेलं. सगळे हसत होते, कुणीतरी मुद्दाम उलट्या दिशेनं खेचत होता, आणि तुम्ही मागं वळून बघायचं नाही असं ठरवूनही एकदा बघितलंत. मी तरी बघितलं होतं. माझं जहाज तुमच्यापेक्षा लहान, तरीही. तेव्हा वाटत होतं की हे मधलं स्टेशन आहे, पुढं मोठं जहाज आहे. आता मागं वळून कळतंय की ते शेवटचं होतं. हे दुःख आहे, आणि त्याला दुःख म्हणायला आपल्या वॉर्डरूमला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या मेसला, जमत नाही. तिथं फक्त ‘बॅड लक यार’ म्हणतात आणि ग्लास भरतात.

पण मग बघा, बंदराच्या कंपनीत तरी ब्रिज कुठं आहे? तिथं बर्थचं वेळापत्रक असेल, ड्रेजिंगची कंत्राटं असतील, कस्टम्सची पत्रं असतील. काम चांगलं असेल, नाही असं नाही. पण समुद्र गेल्याचं दुःख भरून काढायला तुम्ही तिथं गेलात, तर सहाव्या महिन्यात खिडकीतून दुसऱ्याची जहाजं बघत बसाल.

दुसरं म्हणजे समुद्र आणि चौथी पट्टी या दोन गोष्टी तुम्ही एका दोरीत बांधल्या आहेत. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. ते तेव्हा कमांडर होते. त्या मोहिमेच्या पाठीशी उभे होते ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. पश्चिम नौदल कमांडच्या प्रमुखपदावरून 1983 मध्ये निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिलेले, आणि तेव्हा वय ऐंशीच्या पुढं. तुम्हीही होडी घेऊन निघा असं मी सांगत नाही. असल्या उदाहरणांनी सामान्य माणसाला उगाच अपराधी वाटतं. सांगायचंय ते साधं आहे. कोचीला सी ट्रेनिंगमध्ये नव्या जहाजांच्या चमूंना घासूनपुसून तयार करणारे कमांडर लागतात. एझिमलाच्या अकादमीत शिकवणारे लागतात. नौकानयनाची बाजू आहे. अशा ठिकाणी ज्यानं जहाज चालवलंय तो माणूस हवा असतो आणि बोर्डाच्या शर्यतीतले लोक तिकडं जायला फारसे उत्सुक नसतात. शर्यतीतून बाहेर पडलेल्याला एक सूट मिळते, आवडीची नेमणूक निर्लज्जपणे मागता येते. माझी सगळ्यात आनंदाची दोन वर्षं तिसऱ्या बोर्डानंतरची होती. पहिल्यांदाच मी अहवालाचा विचार न करता सबलेफ्टनंटांना ओरडलो आणि पहिल्यांदाच ते माझ्याकडे मनातलं बोलायला आले.

स्वाभिमानाबद्दल थोडं. ‘शिल्लक आहे तोवर बाहेर पडावं’ असं तुम्ही लिहिता, जणू बँकेतली शिल्लक आहे आणि रोज ऑफिसला गेलं की शंभर रुपये कटतात. रोज कुणासमोर कटतात, हे स्वतःला विचारा. तुमच्या हाताखालचे लोक बोर्डाचा निकाल आठवडाभर चघळतात, मग त्यांना स्वतःच्या बदल्यांची काळजी लागते. तुमच्या नावाची चर्चा सगळ्यात जास्त काळ चालते ती तुमच्याच डोक्यात.

आता व्यवहार. हा भाग तुमच्यासारख्या बाकीच्यांनीही वाचावा, कारण याबाबत आपण लोक फार गाफील असतो.

20 वर्षं सेवा पूर्ण झाल्यामुळे तुमची पेन्शन पक्की आहे, शेवटच्या वेतनाच्या निम्मी. त्यातली निम्म्यापर्यंत एकरकमी पैसे घेऊन विकता येते आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण 7 नोव्हेंबर 2015 च्या ‘वन रँक वन पेन्शन’ (समान हुद्दा, समान पेन्शन) आदेशात असं आहे की त्यानंतर जे स्वतःहून मुदतीआधी निवृत्ती घेतील त्यांना या योजनेचा लाभ नाही. यावर खटले झाले आहेत. तुम्ही ज्या कलमाखाली अर्ज कराल त्याला आजच्या घडीला काय लागू आहे, हे नेव्हल पे ऑफिसकडून लेखी घ्या. कोर्समेटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथं सगळ्यांना सगळं माहीत असतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं या योजनेतली वाढ मिळत राहणार की नाही, हा फरक गाडीच्या भत्त्यापेक्षा मोठा आहे.

अर्ज टाकला की दुसऱ्या दिवशी सुटका होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मंजुरी नौदलाच्या गरजेवर असते आणि महिने जातात. एकदा मंजूर झाल्यावर मन बदललं तर मागं फिरणं अवघड. म्हणून कंपनीला स्पष्ट सांगा: नेमणुकीचं पत्र लेखी द्या, रुजू होण्याची तारीख नौदलानं सोडल्यानंतरची ठेवा. बंदराच्या धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही. ‘महिन्यात हो म्हणा, नाहीतर दुसरा बघतो’ असं तरीही म्हणत असतील, तर त्यांना तुम्ही हवे आहात की तुमचे ओळखीपाळखीचे फोन नंबर, याचा विचार करा. सेवेत असताना बोलणी कुठवर करता येतात आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरीला परवानगी लागते का, हेही त्याच फेरीत विचारून टाका.

बायोडेटा आजच लिहायला घ्या, नोकरी बदला अगर नका. माझ्या पहिल्या मुलाखतीचा किस्सा सांगतो. मी ऐटीत म्हणालो, ‘मी एक्झिक्युटिव्ह शाखेचा.’ समोरची मुलगी सहानुभूतीनं म्हणाली, ‘बावीस वर्षांनंतरही एक्झिक्युटिव्ह? मॅनेजर केलं नाही त्यांनी?’ तिची काहीच चूक नव्हती. तिच्या जगात एक्झिक्युटिव्ह म्हणजे सगळ्यात खालची पायरी. तेव्हा पट्ट्या, कोर्सची नावं, ‘ऑप्स’, ‘वर्क-अप’ हे सगळं काढा. किती माणसं हाताखाली होती, किती किमतीचं सामान तुमच्या सहीवर होतं, रिफिट, म्हणजे जहाजाची मोठी दुरुस्ती, किती दिवस लांबला आणि तुम्ही काय केलंत, हे लिहा. एखाद्या रात्री मिडल वॉचला, म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या पाळीत, इंजिन बंद पडलं आणि पहाटे चारपर्यंत जहाज सांभाळलंत, तर तेही लिहा, साध्या शब्दांत. सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे व्यवस्थापन संस्थांमधले साधारण सहा महिन्यांचे कोर्स असतात, त्यांची पात्रता आणि तारखा बघा. मर्चंट नेव्हीचा मार्गही आहे, परीक्षा आणि प्रमाणपत्रं लागतात. पण पुन्हा महिनोन्‌महिने घराबाहेर. तुम्ही पत्रात ज्यांचा तीनदाच उल्लेख केलाय त्या दोघांना ते चालेल का, ते मला सांगता येत नाही.

त्या दोघांविषयी. ‘घरच्यांसाठी सोडतोय’ असं एका ठिकाणी लिहिलंय, पण त्यांना विचारल्याचं कुठं नाही. आपली एक खोड असते. बदलीचा आदेश आला की घरी येऊन वाचून दाखवायचा, आणि निर्णयही तसाच वाचून दाखवायचा. तुमच्या पत्नीनं दोन वर्षं मुंबईचं घर, नोकरी आणि अकरावीतला मुलगा एकटीनं सांभाळलंय. ही नोकरी कुठल्या बंदरात आहे, तिथं तिला शाळा आहे का, तिला तुम्ही रोज घरी असणं खरंच हवंय का, विचारा. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मी निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराची कपाटं नव्यानं लावली. सौ. काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं लावून ठेवलं. मुलाची बारावीची परीक्षा पुढच्या वर्षी. सरकारी घर निवृत्तीनंतर किती महिने ठेवता येतं, ते मोजा आणि ती तारीख त्याच्या परीक्षेपुढं नीट जाते का बघा. या एका तारखेनं कितीतरी वादविवाद मिटतात.

तुम्ही सरळ विचारलंय, म्हणून सरळ सांगतो. या महिन्यात कागद टाकू नका. तिसरं बोर्ड आणि बारावी दोन्ही पुढच्या वर्षातच आहेत. तोवर डीओपीत, म्हणजे नेमणुका ठरवणाऱ्या विभागात, जाऊन मुंबईची नेमणूक मागा, मुलाच्या शिक्षणाचं कारण खरं आहे आणि ते कारण चालतं. मुंबई नाहीच मिळाली तर बारावीनंतर कोची किंवा एझिमला. तिसऱ्या बोर्डाची आशा धरून बसा असं नाही. नाव आलं तर आलं. दरम्यान पे ऑफिसचं उत्तर हातात घ्या, बायोडेटा तयार ठेवा, दोन-तीन मुलाखती नुसत्या सरावासाठी द्या. वर्षभरानं एखादं काम असं मिळालं की त्याबद्दल तुम्ही मला दोन पानं लिहू शकाल आणि त्यात कोर्समेटचं नाव येणार नाही, तर जरूर जा. याच कंपनीचं काम तुम्हाला मनापासून करावंसं वाटत असेल आणि पत्रात लिहायचं फक्त राहून गेलं असेल, तर मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा, लेखी पत्र घ्या आणि घरी बसून तिघं ठरवा.

राहिला सोमवार. माझा कोर्समेट माझ्या आधी कॅप्टन झाला तेव्हा त्याच्या पट्टी भिजवायच्या पार्टीला मी गेलो नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं, कारण सोळाव्या वर्षापासून तो मला ओळखत होता. सहा वर्षं आम्ही फक्त कामापुरतं बोललो. पुढं त्याच्या आईच्या तेराव्याला गेलो तेव्हा कळलं की त्या पार्टीत त्यानं माझ्यासाठी शेवटपर्यंत एक ग्लास भरून ठेवला होता.

तो रुजू व्हायच्या आधी, रविवारी, तुम्हीच त्याला फोन करा. अभिनंदन म्हणा, आणि ऑफिसात सगळ्यांसमोर ‘सर’ म्हणणार, घरी नावानं हाक मारणार, हे एकदाच बोलून टाका. त्यालाही बहुतेक हाच पेच पडलाय आणि तो वरिष्ठ असल्यामुळे त्याला विषय काढता येत नाहीये. दिल्लीत तोही एकटाच येतोय का, तेवढं विचारा. तसं असेल तर रविवारी रात्री जेवायला बोलवा.